न मुरगळलेला पाय

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला उंचीची भीती वाटते, असं कुणी सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं. त्यालाही पटलं नसतं, कारण त्या सकाळपर्यंत त्यालाच ते माहीत नव्हतं.

उंच इमारतींच्या पोटात, लिफ्टच्या टपावर उभं राहून तारेच्या दोरांना ग्रीस लावण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पायाखाली वीस-वीस मजल्यांचा अंधार असायचा आणि हा पठ्ठ्या शीळ घालत पाना फिरवायचा. त्या अंधाराला चारही बाजूंनी भिंती असतात, ही गोष्ट त्याने कधी जमेस धरली नव्हती. उलट, घरी जेवायला चार माणसं जमली की लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे किस्से तो मीठमसाला लावून सांगायचा. "मी बाहेरून ओरडतोय, घाबरू नका, काही होत नाही, आणि आतून नुसते हुंदके." सगळ्यात रंगलेला किस्सा खुद्द त्याच्या मेहुण्याचा होता. मेहुण्याचं औषधांचं दुकान होतं आणि इतरांना धीर देण्यात त्याचा दिवस जायचा. त्यामुळे तो लिफ्टमध्ये रडला, या गोष्टीला विशेष चव होती. मेहुणा दरवेळी हसायचा, पण जरा उशिरा.

हाच मेहुणा दर रविवारी दहा-बारा जणांना घेऊन डोंगर चढायचा. लिफ्टवाला कधी गेला नव्हता. या वेळी गेला तो बायकोमुळे. तिच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आख्खा हिवाळा तिने अंथरुणावरून खिडकीतला तो डोंगर बघत काढला होता. माथ्यापलीकडे एक तळं आहे, हे भावाने सांगितलेलं. हिंडूफिरू लागले की ते बघायचं, आणि बघायचं तर दोघांनी, असं तिने नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

पहिला चढ झकास गेला. झाडांना पोपटी पालवी फुटलेली, वितळलेल्या बर्फाचे ओहोळ वाटेतून पळत होते, आणि लिफ्टवाला सगळ्यांच्या पुढे. "भाऊजी, लिफ्ट नाहीये वरती, दम जपून वापरा," मेहुणा मागून म्हणाला.

मग झाडं संपली. वाट डोंगराच्या कुशीवरून आडवी निघाली. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला काहीच नाही. खाली कुरणभर पिवळी फुलं होती म्हणतात. लिफ्टवाल्याने ती पाहिली नाहीत.

"काय झालं हो?" बायको मागून म्हणाली.

"काही नाही. बघतोय."

"डोळे मिटून?"

पुढे गेलेला मेहुणा वळून ओरडला, "चला की भाऊजी. घाबरू नका, काही होत नाही."

तो थट्टेतच म्हणाला होता. पण लिफ्टवाल्याला आपलंच वाक्य पहिल्यांदा दाराच्या आतून ऐकू आलं. काही होत नाही, हे त्यालाही कळत होतं. तरी त्याने दोन्ही हातांनी कातळ घट्ट धरला.

"पाय मुरगळलाय ह्यांचा," बायकोने मोठ्याने सांगून टाकलं.

मेहुणा परत आला. त्याच्या पाठपिशवीत अर्धं दुकान होतं. "कुठला पाय?"

"उजवा," बायको म्हणाली.

"डावा," लिफ्टवाला म्हणाला.

मेहुण्याने दोघांकडे पाहिलं, जो पाय जवळ होता त्याला पट्टी गुंडाळली आणि पुढे गेला.

"चला, उतरू आपण," बायको म्हणाली.

"तू जा वर."

"दोघांनी जायचं ठरलं होतं."

"ठरलं तेव्हा मला मी माहीत नव्हतो. जा म्हणतो ना. माझ्या पायापायी तुझं तळं नको राहायला."

"पायापायी?" तिने हळूच विचारलं. त्याने पुढच्या वाटेकडे बोट दाखवलं. ती गेली, पण वळणापर्यंत चारदा मागे बघत.

तो बुडावर सरकत सरकत मागे आला आणि रुंद जागा बघून कातळाला पाठ लावून बसला. येणारा-जाणारा पट्टीकडे बघून हळहळायचा. एका आजींनी मलम दिलं. मग पैलवानासारखे दोन तरुण आले. "काका, उठा, पाठीवर घेतो. खालपर्यंत सोडतो."

"नको, बायको यायची आहे."

"त्यांना निरोप ठेवू. या." एक जण पाठ करून बसलासुद्धा.

परक्या माणसाच्या पाठीवरून त्या उतारावर हिंदकळत जाण्यापेक्षा खरं बोललेलं परवडलं. "पाय धड आहे रे. पुढची वाट बघून भीती वाटली."

"मग आधी सांगायचं ना, काका," तो जरासा हिरमुसून म्हणाला, आणि दोघे निघून गेले. बस, एवढंच. लिफ्टवाला बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिला.

पण परक्यांना सांगणं वेगळं आणि मेहुण्याला सांगणं वेगळं. तरी मंडळी परतली तेव्हा पट्टी सोडून, नीट गुंडाळून लिफ्टवाल्याच्या हातात होती.

"उतरली सूज?" मेहुण्याने विचारलं.

"सूज नव्हतीच. घाबरलो होतो, मेहुणे."

मंडळी बुटांकडे बघू लागली. मेहुण्याने पट्टी घेऊन पिशवीत टाकली. "कळलं होतं मला. सुजलेले पाय मी रोज बघतो."

"मग सांगा खुशाल पुढच्या जेवणाला. तुमचा हक्क आहे."

"बघू," मेहुणा म्हणाला. "तुमच्यासारखं रंगवता येत नाही मला."

हे लागायचं तिथे लागलं. लिफ्टवाला उतरू लागला. बायको उघड्या बाजूने चालत होती, जणू तिला तिथूनच चालायची सवय होती.

"तळं कसं होतं?" त्याने विचारलं.

"बरं होतं."

"एवढी चढून गेलीस ती बरं बघायला?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आवरतेय."

"वाटू दे. सांग."

मग ती सांगू लागली. अर्ध्या तळ्यावर अजून बर्फ होता. मधूनच तो तडकायचा आणि त्याचा आवाज समोरच्या कड्यावर जाऊन परत यायचा. "आणि काठाला एक सपाट दगड होता, दोघांपुरता. मी शेजारी पिशवी ठेवली, कुणी बसू नये म्हणून. मग लक्षात आलं, तुम्ही येणारच नाही."

त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली.

"मग उचललीस का पिशवी?"

"निघेपर्यंत नाही उचलली," ती म्हणाली.