एकाच अक्षराचा कीबोर्ड

माझ्या मैत्रिणीनं मला आयुष्यात कधी 'छान' म्हटलं नाही. ती नारायण पेठेतली, मी नागपूरहून शिकायला आलेली. पुण्यात कौतुक करायला परवाना लागतो की काय, असं मला तेव्हा वाटायचं. कॉलेजात असताना आम्ही दोघींनी मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली होती. विकायला नाही, कुणी सांगितलं म्हणूनही नाही. संगणक चालू झाला की पडद्यावरचा पहिला शब्द आपला असावा, एवढीच हौस. गावात नव्या नव्या कंपन्या येत होत्या, वर्गातली मुलं अमेरिकेच्या परीक्षांसाठी शब्द पाठ करत होती, आणि आम्ही बुधवार पेठेतून जुने मदरबोर्ड आणून तिच्या आईच्या जेवणाच्या टेबलावर मांडत होतो.

आमची पद्धत ठरलेली होती. एकीनं लिहायचं, दुसरीनं चुका काढायच्या, आणि काढताना भीडभाड ठेवायची नाही. माझी एक चूक कायमची. कीबोर्डचं बटण दाबलं की संगणकाला निरोप जातो. निरोप मिळाल्याची पोच उलट द्यावी लागते, नाहीतर पुढचा निरोप येतच नाही. ती पोच द्यायला मी दरवेळी विसरायचे. पडद्यावर एक अक्षर उमटायचं, आणि मग कितीही बडवा, ढिम्म. ती खुर्ची मागे सारून म्हणायची, "वा! एका अक्षरात पत्र आटपणाऱ्यांची फार सोय केलीस गं." मी भडकून विचारायचे, "काऊन गं, तुझ्या जिभेला काही औषध नाही का?" मग मुकाट्यानं ती ओळ घालायचे.

पुढे आम्ही सगळा कोड इंटरनेटवर खुला टाकला. कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांनी त्यात भर घातली, थोडे दिवस मजा आली. मग नोकऱ्या, संसार, हिंजवडीचा ट्रॅफिक. भांडण नाही, काही नाही. त्या कोडला हात लावायचा राहिला तो राहिलाच.

गेल्या वर्षी तिला मेंदूज्वर झाला. जीव वाचला, आठवणी गेल्या. मी भेटायला गेले तर ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "या ना, बसा. आपण कुठून आलात?" तिचा नवरा मला दारापर्यंत सोडायला आला. डॉक्टर म्हणतात जुन्या गोष्टी दाखवत राहा, एखादी लागेल हाताला, असं तो म्हणाला. फोटो तर सगळे दाखवून झाले होते. मी घरी आले आणि आमचा झोपलेला प्रकल्प उघडला.

तो काही उठायला तयार नव्हता. आमच्या वेळचं लिहिणं नव्या कंपायलरला, म्हणजे कोड संगणकाच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला, मानवेना. एक चूक मिटवली की आणखी चार पुढे येत. मधूनच कोडमध्ये तिची एखादी टीप भेटायची: 'ही ओळ ज्यानं हलवली त्यानंच पुढचं निस्तरावं.' मी हलवली, आणि बरेच दिवस निस्तरत बसले. हसू यायचं. जुन्या मंडळींपैकी एकानं परदेशातून विचारलं, आता कुणाला हवंय हे? जगाला हवं असो नसो, मला ती परत हवी होती, तिच्या सगळ्या खवचटपणासकट.

अखेर सगळं चालू झालं. कीबोर्डसुद्धा. तेव्हा मी ती पोच देणारी ओळ मुद्दाम काढून टाकली. माणसं विसरेल, लग्न विसरेल, पण माझी ही चूक समोर आल्यावर ती गप्प बसणं शक्यच नाही, अशी माझी खात्री होती.

रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन गेले. पडद्यावर रोमन अक्षरांत तिनंच लिहिलेलं स्वागत आलं: 'आलात? चपला बाहेर काढा.' तिनं ते वाचलं आणि घाबरून आपल्या पायांकडे पाहिलं. अनवाणीच होती.

"छान आहे हो," ती म्हणाली. "तुम्ही केलंत?"

"दोघींनी केलंय. बघ ना टाइप करून."

तिनं एक बटण दाबलं, अक्षर उमटलं. दुसरं दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. तिच्या कपाळाला आठी पडली. ती आठी माझ्या ओळखीची होती. आता बोलेल, आता माझी सालटी काढेल, म्हणून मी जीव मुठीत धरून बसले.

तिनं हात मागे घेतले. "माझ्याकडून बिघडलं वाटतं. माफ करा हं, मला यातलं काही कळत नाही."

"नाही गं. चूक माझी आहे. माझी नेहमीचीच."

"असू द्या," ती माझ्या हातावर थोपटत म्हणाली. "होतं असं कधीकधी. एवढं मनाला लावून घेऊ नका."

इतक्या मायेनं ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. मला आवरलंच नाही, मी तिच्यासमोर हमसून हमसून रडले. नवरा पाणी घेऊन आला. त्याला जरा बाजूला घेऊन ती हलक्या आवाजात विचारत होती, "या बाईंचं कुणी गेलंय का हो?"