फ्रान्सवाल्या जाऊबाई

आमच्या थोरल्या जाऊबाई फ्रान्समधलं खेडं आमच्याकडच्या अस्सल झाडीबोलीत सांगायच्या. मोठे दीर तिकडच्या कारखान्यात इंजिनिअर, म्हणून एकोडी गावची ही बाई कितीतरी वर्षं त्या खेड्यात राहिली. आसगावात, आमच्या सासरी, सगळे त्यांना फ्रान्सवालीच म्हणत.

धान निघालं की त्या यायच्या. सासूबाईंना "जयभीम आई" म्हणून खाटेवर त्यांच्या शेजारी बसायच्या आणि सुरू व्हायच्या. तिथलं जुनं चर्च, दगडी पूल, लढाईत मेलेल्या गावच्या पोरांची नावं कोरलेला खांब. "अन् आई, बाया जिथं कपडे धुवत, त्या जागेवरबी छप्पर हाये. पाटी लावली हाये, का हे जुनं हाये, जपा म्हणून."

"धुण्याच्या जागेले पाटी?" सासूबाई गावतळ्याकडे हात करून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत. "मंग आपल्या बोडीवरच्या धोंड्यानं काय पाप केलं वं?"

स्वयंपाकघरात माझा जीव जळायचा. वर्षभर सासूबाईंचं दुखणंखुपणं मी करायची, आणि हसू मात्र पाहुणीसाठी. मी जवाहरनगरच्या सरकारी क्वार्टरात, पुस्तकी मराठीत वाढलेली. माझं बोलणं ऐकून सासूबाई म्हणायच्या, "तू त मास्तरीणबाईवानी बोलते."

एका वर्षी जाऊबाई त्यांना पवनीला घेऊन गेल्या. पवनी काय, बाजाराची जागा. सासूबाई जन्मभर तिथं जात आल्या होत्या. पण जाऊबाईंनी त्यांना गावाबाहेरच्या टेकाडावर नेलं आणि म्हणाल्या, "आई, तिकडलं ते चर्च नोयतं, तवापासून इथं बुद्धाचा स्तूप होता." सासूबाईंनी तिथं वाकून माती कपाळाला लावली. मी मागे पाण्याची बाटली धरून उभी होते. इतकी वर्षं पवनीला बस बदलताना हे मला का सुचलं नाही, याचाच राग येत होता.

सासूबाई गेल्या तेव्हा जाऊबाईंना यायला उशीर झाला. सगळं आटोपल्यावर आम्ही दोघीच ओसरीवर बसलो. मी विचारलं, "तिकडे तुमच्या खूप ओळखी असतील ना?"

"कोणाची वं? हे सकाळी जात, दिवे लागल्यावर येत. मले भाषा नाई येत होती. दिवसभर एकटी फिरू फिरू त्या पाट्या वाचत होती. तशीच शिकली."

"आईंना कधी बोलला नाहीत?"

"कायले? त्या रडत बसल्या असत्या. इथं येईपर्यंत गोष्टी जमवून ठेवत होती मी. आई हासल्या का वर्ष निघून जाये."

दुसऱ्या दिवशी त्या फ्रान्सला परत गेल्या. नंतर आसगावला आल्या नाहीत, तिकडेच वारल्या. गावातल्या बाया अजून त्यांच्या गोष्टी काढून हसतात, आणि मीही हसते. पण एवढं एकटेपण गिळून घरात फक्त हसू आणणं मला जमलं नसतं. ओसरीवर त्या बोलल्या, तेव्हापासून मला त्यांचा आधीपेक्षा जास्तच हेवा वाटतो.