शमीम आपाचा राखून ठेवलेला घटक

शमीम आपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला माहेरी होते. दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती, घरात अनारसे तळणं चाललं होतं. फोनवर तिची धाकटी बहीण होती. छातीत दुखलं म्हणाली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं... मी अकोल्याला पोचले तेव्हा माती देऊन मंडळी परतलीही होती. शेवटचं तोंडसुद्धा दिसलं नाही. ते अजून मनातून जात नाही.

मूर्तिजापूरच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत आम्ही दोघी इंग्रजी शिकवायचो. ती नववीला, मी आठवीला. अकोल्याहून एकाच एस.टी.ने जायचो. मी नवीन होते तेव्हा माझं घटक नियोजन, म्हणजे वर्षभराचे धडे गटागटांत पाडून कोणता कधी घ्यायचा याचा आराखडा, अगदी बी.एड.च्या पुस्तकातून उचलल्यासारखं देखणं होतं. दिवाळीनंतर अर्धा वर्ग रिकामा झाला, तरी मी ठरल्याप्रमाणे पुढे पुढे शिकवत राहिले. एके दिवशी आपा दारातून डोकावली. 'काहून वं, कोनाले शिकवून राह्यली? बाकाले?' असं विचारून निघूनही गेली. मला आधी राग आला. मग बसमध्ये मीच तिच्या शेजारी जाऊन बसले.

पोरं कापूस वेचायला जात. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि रागावून ती थांबणारही नव्हती. आपाचं म्हणणं एवढंच, की नियोजन आधी वावर पाहून करायचं, मग पुस्तक उघडायचं. जूनमध्ये ती स्टँडवर गावोगावच्या बायांना विचारत सुटायची: पेरा झाला का, कपाशी किती, वेचणी कधी लागेल? त्यानंतर तिच्या घरी आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर वर्ष मांडायचो आणि मनसोक्त भांडायचो. वेचणीच्या दिवसांत ती असे सुटे धडे ठेवायची, की चुकले तरी पुढचं अडू नये. आणि एक घटक मात्र राखून ठेवायची. विचारणं आणि सांगणं, असा तो संभाषणाचा घटक. पुस्तकात तो पहिला होता. आपा तो वेचणीहून पोरं परतली की घ्यायची. जी गेली नव्हती त्यांनी इंग्रजीत विचारायचं, जी जाऊन आली त्यांनी सांगायचं. महिनाभर बुडालेली पोरं त्या दिवशी वर्गात सगळ्यात महत्त्वाची असायची.

मुख्याध्यापकांना हे पटायचं नाही. 'मॅडम, क्रम म्हणून काही असतो,' ते म्हणायचे. 'कापूस काई आपल्या नियोजनाची वाट पायत नाई, सर,' आपा म्हणायची आणि हसून वेळ निभावून न्यायची.

पण मग ते वाईट वर्ष आलं. पावसानं दगा दिला, बोंडं भरलीच नाहीत. वेचायला कापूसच नव्हता. गावातली घरंच्या घरं कुलूप लावून कामासाठी दूर निघून गेली, पोरांसकट. वेचणीची पोरं परत यायची. ही येतील की नाही ते कोणालाच माहीत नव्हतं. आपाचं सारं नियोजन त्यांच्या परत येण्यावर उभं होतं. ती तो घटक पुढे ढकलत राहिली. चाचणी तोंडावर आली, मुख्याध्यापकांनी आवाज चढवला. 'सर, घ्याले मी आज घेतो,' आपा म्हणाली, 'पन इचारायचं कोनाले? जे गेले तेच नाईत.'

संक्रांतीनंतर एक मुलगी आली, रेखा. वीटभट्टीवरून. आपा दुसराच धडा शिकवत होती. तिनं तो तिथेच थांबवला आणि राखलेला घटक सुरू केला. माझा तास रिकामा होता म्हणून मी मागे जाऊन बसले. पोरं दबकत विचारत होती. कुठे होतीस, कोण कोण होतं... मग कोणीतरी विचारलं, 'हू कुक्ड?' रेखा उभी राहून म्हणाली, 'आय.' आपानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, 'व्हेरी गुड. बस बेटा.' बसमध्ये मात्र ती खिडकीबाहेर बघत होती. 'एक आली वं सुनंदा,' ती म्हणाली. 'बाकीच्यायचं काय?' त्यांच्यातलं कोणीच आलं नाही. परीक्षेपर्यंत ती दर सोमवारी हजेरी घेताना त्यांची नावं पुकारायची. मी समजावायला गेले तर म्हणाली, 'नाव घेतलं तं काई बिघडते का?'

दिवाळीनंतर आता नववी माझ्याकडे आली आहे. यंदा कपाशी बरी होती. वेचणी आटोपली, पोरं परतली, बाकं भरली. आपा असती तर खूश झाली असती. तिच्याशी भांडायला मिळावं म्हणून जीव तळमळतो, कॅलेंडर पालथं घालून बसावं आणि तिनं माझी प्रत्येक ओळ खोडावी... तो घटक मी आज, उद्या करत ढकलत राहिले. का, ते कोणी विचारलं नाही, म्हणून बरं चाललं होतं. पण सगळे परतले की तो घटक होतो हे पोरांना ठाऊक होतं, आणि परवा पहिल्या बाकावरची मुलगी उठली. 'मॅडम, आमी तं समदे आलो. आता कोनाची वाट पाहून राह्यलो आपन?'

'शमीम मॅडमची,' मी म्हणाले.

मुलगी उभीच राहिली. मी तिला बसायला सांगितलं, फळ्यावर तारीख घातली आणि घटक सुरू केला.