वच्छलाबाईंची कुजबुज

“मॅडम, मायचा आवाज कमी कराची एखादी गोयी हाये का तुमच्यापाशी?” वडनेरच्या गजाननरावांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं.

“काय म्हणून राह्यला हा?” शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या आई, वच्छलाबाई, मला म्हणाल्या. बाहेर बाकावरचे सगळे पेशंट दचकून आत बघायला लागले.

मी मलकापूरला कान तपासते आणि बोलणं सुधारते. अशी गोळी असती तर पहिली माझ्या घरीच वाटली असती. गजाननरावांना तसं सांगितलं. ते हसले नाहीत.

टेस्ट केली. उतारवयात वच्छलाबाईंच्या कानांची नस जवळजवळ पूर्ण गेली होती. मशीन लावून पाहिलं, तर नुसता गोंगाट कळायचा, शब्द नाही. ऑपरेशनला त्या तयार नव्हत्या. ओठ पाहून थोडंफार ओळखायच्या, बाकी मी पाटीवर लिहायचे.

लोकांना वाटतं, बहिरं माणूस मुद्दाम ओरडतं. तसं नसतं. आपण बोलतो तेव्हा आपलाच कान आपल्या आवाजाची राखण करत असतो. राखणदार गेला की आवाज मोकाट सुटतो. मग स, श अशी बारीक अक्षरं बोथट होतात, चढउतार जातो. त्यात बोलणंच थांबलं तर जीभ आणखी जड होते. यांचं तेच झालं होतं.

“घरी कोणाशी बोलता?” मी लिहिलं.

“कोनाशीच नाई. बोल्ली का सारे हात करतेत, गप म्हणून.”

गजाननराव खिडकीबाहेर पाहू लागले.

मग बाईंनी खरं दुखणं सांगितलं. शेजारच्या सिंधूबाई त्यांची लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण. उन्हाळ्यात सिंधूबाईंच्या अंगणात पापड लाटायला सगळी आळी जमली होती. सिंधूबाईंची मुलगी सासरहून कायमची परत आली होती, पण हे फक्त वच्छलाबाईंना माहीत होतं. लाटता लाटता त्या मैत्रिणीकडे झुकल्या आणि म्हणाल्या, “पोरीले परत नोको धाडू वो त्या मारकुट्यापाशी.” सगळी लाटणी थांबली. सिंधूबाई उठून आत गेल्या. त्यानंतर त्या वच्छलाबाईंच्या ओट्यावर आल्या नाहीत.

“मी तं कानातच बोल्ली होती, मॅडम.”

डोळ्यांत पाणी, आणि आवाज पार एसटी स्टँडपर्यंत. मी उठून दार लावलं. उपयोग शून्य. सिंधूबाईंची गोष्ट आता मलकापुरातही कळली होती. मला फार वाईट वाटलं. ज्याला कुजबुजता येत नाही त्याच्याजवळ कोण बसणार?

“मले हळू बोलनं शिकवा. बस.”

कानाचं काम हाताला द्यायचं ठरवलं. नेहमीसारखं बोलताना गळ्यावर बोटं ठेवली तर थरथर लागते. कुजबुजताना लागत नाही, नुसता श्वास असतो. आधी त्यांची बोटं माझ्या गळ्यावर ठेवली, मग त्यांच्या. थरथर लागली की थांबायचं.

गजाननरावांना ताकीद दिली. “गप म्हणून हात करायचा नाही. तळवा खाली केला की ‘हळू’, एवढंच. आणि रोज समोर बसून बोला.”

“काय बोलू?”

“आई आहे तुमची. सुचेल.”

आधी नुसती हवा यायची. पुढे दोन शब्द कुजबुजीत आणि तिसऱ्याला बोंब. पण बाई चिवट. दर बाजाराच्या दिवशी हजर.

पुन्हा पापडांचे दिवस आले तेव्हा त्या एकट्याच आल्या. गळ्यावर बोटं ठेवून म्हणाल्या, “सिंधूकडं गेलती. कानात म्हटलं, चुकलं वो माह्यं.”

बाहेरच्या बाकावर कोणी मान वर केली नाही.

“मग?” मी लिहिलं.

“तिनं बी माह्या कानात काई म्हटलं.”

“काय?”

“काय मालूम.” त्यांनी कानाला हात लावला. “ऊन ऊन श्वास लागला तिचा. लय वेळ बोल्ली.”

“लिहून मागायचं ना!”

त्यांनी नुसती मान हलवली. नाही मागितलं.

कान गेलेल्या माणसाशी तोंडासमोर बसून बोला, कानात बोलून काही उपयोग नाही, असं मी प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना बजावते. सिंधूबाईंना मात्र सांगायला गेले नाही.