धाकट्याचं प्रकट वाचन

माझा धाकटा भाऊ चौथीतून शाळा सोडून पळाला, अशी एक गोष्ट आमच्या घरात वर्षानुवर्षं हसत हसत सांगितली जाते. ती खोटी आहे. ती मीच पसरवली.

आमचं गाव कन्नडजवळ. भाऊ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मी मास्तरकीचा अभ्यास करायचो तो ओसरीवर, मोठ्यानं वाचत. तो गोठ्यात बैलांना वैरण टाकता टाकता मागून तेच म्हणायचा. चार दिवसांनी विचारलं तर अख्खं पान म्हणून दाखवायचा, आणि मी जिथं खोकलो असेन तिथं तोही खोकायचा. आई हसून हसून डोळे पुसायची. त्या संध्याकाळींइतकं सुख मला पुढं कशातच मिळालं नाही.

मग मला गावातल्याच शाळेत नेमणूक मिळाली आणि तो माझ्या वर्गात आला. प्रकट वाचनाच्या तासाला त्याला उभं केलं की वर्ग गप्प व्हायचा, इतकं गोड वाचायचा. खरं तर तो वाचत नव्हता. आदल्या संध्याकाळी मी घरी तयारीसाठी वाचलेला धडा तो म्हणून दाखवत होता. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याचं पान मध्येच उलटलं आणि बोट ठेवलं, "इथून वाच." भाऊ मागच्याच पानावरचं म्हणत राहिला, तितक्याच गोडव्यानं. पोरं खिदळली.

"चलाख आहे. कोणाचा मुलगा?" साहेबांनी विचारलं.

"गावातलाच आहे, साहेब," मी म्हणालो.

ज्याला धडा तोंडपाठ होतो त्याला अक्षर लागत नाही, हे माझ्या डोक्यात शिरेना. हा सोंग करतो, चारचौघांत माझी फजिती करतो, असंच मी धरून चाललो. छडी वापरली. शेवटी वडिलांना सांगितलं, "याला शेतात घाला." मास्तरनं सख्ख्या भावाला शाळेतून काढलं म्हणायला लाज वाटली, म्हणून गावात सांगितलं, पळाला.

हे आता लिहायचं कारण त्याची नात. पुतण्या इथं शहरात एमआयडीसीत कामाला आहे. त्याची ही मुलगी गोष्टी रंगवून सांगते, पण पुस्तक उघडलं की तिच्या कपाळावर घाम येतो. पुतण्यानं तिला सोयगावच्या एका वसतिगृहात टाकायचं ठरवलं होतं. तिथं म्हणे बडवून बडवून शिकवतात. त्याआधी एका डॉक्टरीणबाईंच्या अभ्यासासाठी तिच्या मेंदूची चित्रं घ्यायची होती. मनाचे आजार असलेली माणसं आणि वाचन न जमणारी मुलं, दोघांच्याही मेंदूंचा त्या अभ्यास करतात. आम्ही सगळेच गेलो.

पोरीचे पैंजण, केसांतल्या पिना, सगळं काढून ठेवलं. आत चित्रं घेणाऱ्या यंत्रात तिला फक्त अधिकचं चिन्ह बघत निवांत पडायचं होतं.

"कायच करायचं नाय? मग परीक्षा कशाची?" पोरीनं विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. मला म्हणाल्या, "आजोबा, अक्षर दिसण्याचं काम मेंदूत एकीकडे चालतं, त्याचा आवाज ओळखण्याचं दुसरीकडे. या भागांची एकमेकांशी ये-जा कशी चालते, ते आम्ही बघतो."

"मग तिचा दोष नाही, हे चित्रात दिसेल ना?"

"एकटीच्या चित्रावरून तसं सांगता येत नाही. पुष्कळ मुलांची चित्रं शेजारी ठेवली की थोडं कळू लागतं. पण तिची वाचनाची चाचणी वेगळी घेतलीय. तिला अडचण आहे. ती आळशी नाही."

माझ्या वतीनं ते यंत्रच बोलेल, अशी माझी आशा होती. ती तिथंच संपली.

बाहेर बाकावर बसलो. भिंतीपलीकडून धडधड येत होती. भाऊ म्हणाला, "दादा, आपलं हिरीवरचं इंजिन असंच करायचं बघ."

"डॉक्टर लोक असंच गोड बोलतात," पुतण्या म्हणाला. "आमच्या रक्तातच शाळेचं वावडं. बाबाबी पळालेच की! हिला तिकडंच टाकतो."

"तो पळाला नव्हता," मी म्हणालो. "मी काढला त्याला." आणि तपासणीपासून सगळं सांगितलं. साहेबांना काय उत्तर दिलं, तेही.

पुतण्या बापाकडं बघत राहिला. भाऊ भिंतीकडं बघत होता.

"कशाला सांगितलंस?" तो म्हणाला. "पळाला म्हणलं की लोक हसत्यात, पाठीवर थाप मारत्यात. काढला म्हणलं की कीव करत्यात. मला ती पळाल्याचीच गोष्ट बरी व्हती."

याचा मी कधी विचारच केला नव्हता. "चुकलं माझं," एवढंच बोललो.

"तवा चुकलं का आता?"

त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. पोराकडं वळून म्हणाला, "पाटीवरली अक्षरं मला मुंग्यांवानी दिसायची. हलायची. मार खाऊनबी हलायचीच. पोरीला इचार, तिला कशी दिसत्यात. आपण कुणी इचारलंच नाय तिला."

दार उघडलं. पोर डोळे चोळत बाहेर आली. पुतण्या खाली बसला, तिचा पाय मांडीवर घेऊन पैंजण घालू लागला, आणि मान वर न करता त्यानं तिला विचारलं.