सिस्टरकाकूंचा रानगुलाब

सिस्टरकाकू स्वतःची कीव कुणाला करू देत नसत. आखातातल्या अहमदी गावी, जुन्या स्टाफ क्वार्टर्समध्ये त्या आमच्या शेजारी राहायच्या. मूळच्या गुहागरकडच्या, इथे हॉस्पिटलात नर्स. लग्न होऊन मी सांगलीहून आले तेव्हा सारखी रडायचे. त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाल्या, "रडून घे गो. पण तोंड धुऊनच बाहेर पड."

एका उन्हाळ्यात त्यांचे यजमान अचानक गेले. काकू त्यांना गावी घेऊन गेल्या आणि सगळं उरकून एकट्याच परतल्या. आम्ही बायका डबे घेऊन भेटायला गेलो, तर त्या ड्यूटीवर गेलेल्या.

यजमानांनी दारात लावलेला लाल गुलाब तोवर पाण्यावाचून वाळला होता. कलम मेलं, पण खालच्या खुंटाला काटेरी फांद्या फुटल्या. युरोपात कुंपणांवर आपोआप उगवणारा रानगुलाब तो. त्याच्याच खुंटावर बागेतल्या गुलाबांची कलमं बांधतात. काकू त्याला रोज पाणी घालू लागल्या. "ह्यांनी लावलेल्यातलं एवढं जगलंय," इतकंच म्हणाल्या.

पुढच्या वर्षी झुडूप पायवाटेवर आलं, पण फुलाचा पत्ता नाही. कॉलनीच्या बागा बघणारा इजिप्शियन सुपरवायझर माणसं घेऊन ते उपटायला आला. काकू नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या. युनिफॉर्ममध्येच झुडपापुढे उभ्या राहिल्या. वॉर्डात शिकलेल्या अरबीत त्यांनी त्याला समजावलं, की ह्याला फूल जुन्या फांदीवर येतं, सारखं छाटलं तर कधीच दिसणार नाही. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "हा हिवाळा जाऊ द्या. फूल नाही आलं तर मी स्वतः उपटून देईन."

त्याने ऐकलं. फांद्या तेवढ्या कुंपणाला बांधून घेतल्या.

हिवाळा सरला आणि झुडूप फुललं. पाच पाकळ्यांची साधी फुलं, कडेला गुलाबी, आत पांढरी. सुपरवायझर बायकोला घेऊन बघायला आला. काकूंनी खुर्च्या मांडल्या आणि हे कुणी लावलं ते यजमानांचं नाव घेऊन सांगितलं. ते गेल्यापासून परक्यांसमोर त्यांनी ते नाव घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

काकू रिटायर होऊन गावी निघाल्या, तेव्हा त्याच सुपरवायझरने झुडूप मुळांच्या मातीसकट काढून हॉस्पिटलच्या नर्सेसच्या फाटकाशी लावलं. यंदा तिथे एक नवी मल्याळी नर्स फुलांचे फोटो काढत होती. तिने काही विचारायच्या आत मी हिंदीत सांगून टाकलं, हे आमच्या काकूंचं आहे.