खालचा मेन बंद होता

मेन स्विच खाली पाडला की घरातली वीज गेली, असं तुम्ही मानता ना? कशावरून मानता? चिडून विचारतोय, कारण आमच्या आप्पांनी तेच मानलं आणि ते गेले. त्या सोमवारी मी बीडला होतो. वडिलांचा फोन आला. "आप्पा गेले रे... जिन्यात," एवढंच बोलले. मला वाटलं, पाय घसरला असेल. नांदूरघाटला पोचलो तर दारात माणसं दाटलेली आणि जो तो एकच सांगतोय, "मेन बंद होता की! मी सोता बघितला." मीही बघितला. आप्पांच्या घरातला मेन खरोखर खाली पाडलेला होता. मग वीज आली कुठून?

आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. खाली त्यांचं घर आणि वह्या-पुस्तकांचं दुकान, वरच्या मजल्यावर आम्ही. मोर्चा कुणाचाही असो, पत्रकांचे गठ्ठे आप्पांच्या दुकानात येऊन पडायचे. वाटून उरलेली पत्रकं वाचतच मी वाढलो आणि पुढे स्वतः लिहू लागलो. गावाला पाणी सोडत नाहीत म्हणून मी पहिलं पत्रक लिहिलं आणि ऐटीत त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "लई भारी लिवलंस. पण ह्यात पुरावा कुठाय बे?" मी म्हणालो, "आप्पा, टाकी रिकामी हाय हे सगळ्या गावाला म्हाईत हाय." "गाव चढलंय का टाकीवर? जा, बघून ये." मी चढलो. टाकी काठोकाठ भरलेली होती, फुटला होता तो खालचा पाइप. पत्रक फाडून नवं लिहिलं आणि ते आप्पांनी वहीसोबत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात कोंबलं.

वाटणी झाली तेव्हा दोघा भावांत पैशाचं भांडण झालं नाही. झालं ते मानाचं. मीटर वेगळे झाले, जिना मात्र एकच राहिला. खालून चढताना दिवा लावावा आणि वर गेल्यावर विझवावा, म्हणून दोन्हीकडे एकेक बटण बसवायचं ठरलं. पण लाइट कुणाच्या मीटरवरची? "धाकट्याच्या लाइटीवर मी कावून चढू?" आप्पा म्हणाले. "मंग मी तरी त्यांच्या लाइटीवर कावून उतरू?" वडील म्हणाले. वायरमनने दोघांचंही ऐकलं. खालच्या बटणाला खालच्या मीटरची वीज, वरच्या बटणाला वरच्या मीटरची आणि मध्ये एक दिवा. दोघांचा मान राहिला. आम्ही सगळे त्यावर हसलोही होतो...

तो दिवा कधी धड जळला नाही. कधी दोन्ही बटणं दाबूनही लागायचा नाही, कधी पांढराफेक भडकायचा आणि फट्कन उडायचा. मेलेला बल्ब घेऊन आप्पा दुकानदाराकडे जायचे. "काय बे, बल्ब इकतोस का फटाके?" तो म्हणायचा, "आप्पा, माल चोख हाय. तुमच्या जिन्यातच दिवाळी हाय, त्याला मी काय करू?" बल्ब बदलले, बटणं बदलली, होल्डर बदलला. दोन मीटर वेगवेगळ्या फेजवर, म्हणजे खांबावरच्या दोन वेगळ्या जिवंत तारांवर आहेत आणि बटणं एका विशिष्ट स्थितीत आली की दोन फेज त्या एका बल्बवर आदळतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही कुणाला विचारलंही नाही.

त्या सोमवारी काकूने जिना धुतला होता. आप्पा लोखंडी स्टुलावर चढले, होल्डर उघडून बघतो म्हणाले. काकू आलेल्या प्रत्येकाला तेच सांगते, त्याच शब्दांत. "मेन बंद केला. मंग बटण खटखट करून बघितलं. दिवा लागला न्हाई. मला म्हनले, बघ, करंट मेलाय. आन् हात घातला..." म्हणजे आप्पांनी पुरावा मागितला होता! जन्मभराच्या सवयीप्रमाणे मागितला होता. आणि पुराव्यानेच त्यांना फसवलं. टेस्टर त्यांच्या खिशातच होता. वर आमच्या घरात पंखा फिरत होता, वडील टीव्ही बघत होते आणि खालची वायर मेल्याने दिवा लागत नसला तरी आमच्या मीटरची वीज त्या होल्डरमध्ये येऊन थांबली होती. केजहून आलेल्या वायरमनने सगळं उघडून बघितलं. मग म्हणाला, "दिव्याला दोन वायरी लागतात. माणसाला एकच पुरते."

आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून माती देतात. विभूती लावताना मला त्यांच्या बोटावरचा काळा ठिपका दिसला. ज्वारीच्या दाण्याएवढा. एवढ्याशा डागातून एवढा माणूस गेला, हे माझ्या डोक्यात अजून शिरत नाही. वरचा मेन बंद करायला आप्पांनी मला हाक का मारली नाही, असं वडील भिंतीला विचारतात.

गेल्या आठवड्यात ते काकूला म्हणाले, "वहिनी, त्यो दिवाच काढून टाकू." काकू म्हणाली, "काढू नका भावजी. अंधारात आनखी कुनी पडंल. एकाच घरची लाइट घ्या." "कुणाची?" वडिलांनी विचारलं. "तुमची घ्या. मला चालतंय." वडील तिथंच पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले.

वाटणी झालेली घरं आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी घरांत एका जिन्यावर दोन मीटर आहेत. तुमचा जिना तसा असेल तर दिव्याला हात लावू नका. दिवा लागत नाही, हा वीज नसल्याचा पुरावा नाही. आजच जाणत्या वायरमनला बोलवा, खालचा आणि वरचा दोन्ही मेन पाडायला लावा, प्रत्येक वायर त्याच्याकडून तपासून घ्या आणि तो दिवा कुणाच्या तरी एकाच मीटरवर आणा. कुणाच्या, यावर वाद झाला तर तुम्ही माघार घ्या. पण त्याआधी जिन्यात उभे राहा आणि वरच्या भावाला मोठ्याने हाक मारा.